तीन दगडांवर पाय

"मॅडम, मी वाळवा तालुक्यातल्या एका गावातून रोज एसटीने कॉलेजला जाते. बीएस्सी दुसरं वर्ष, रसायनशास्त्र. एनएसएसमध्ये (राष्ट्रीय सेवा योजनेत) आहे. या सत्रात कम्युनिटी एंगेजमेंटचा प्रकल्प करायचाय, पुढच्या वर्षी ओजेटी, म्हणजे प्रत्यक्ष कामाच्या ठिकाणी प्रशिक्षण. आठवड्यातून चार दिवस प्रॅक्टिकल असतात. माझा एसजीपीए (सत्राची गुणसरासरी) ८.१ वरून ७.२ वर आलाय. दादा म्हणतो, समाजसेवेचं खूळ सोड आणि एमपीएससीला लाग. वर्गातल्या मुली म्हणतात, मागच्या बॅचचा प्रकल्प घ्यायचा आणि कव्हर बदलायचं. ओजेटीचं सर्टिफिकेट मामाच्या मेडिकलमधून मिळतं. एकीने १,४९९ रुपये भरून ऑनलाइन 'इंटर्नशिप' केली, तीन दिवसांत सर्टिफिकेट मोबाइलवर आलं. मला खोटं करायचं नाही, पण खरं करायला वेळ नाही. तीन दगडांवर पाय ठेवून उभी आहे असं वाटतं. यातलं काय सोडू? नाव छापू नका, प्लीज."

बाळ,

नाव छापत नाही. गावही तालुक्यापाशीच थांबवलंय, कारण तुमच्याकडे एका गावात बीएस्सी केमिस्ट्रीच्या मुली असून असून किती असणार!

तीन दगडांवर पाय ठेवले तर माणूस पडतोच. पण तेच तीन दगड जवळजवळ मांडले की त्यांची चूल होते. तुझे दगड तीन दिशांना पडलेत, ही खरी अडचण आहे. एनएसएसचं काम कॉलेजच्या दत्तक गावात, प्रकल्पाचा विषय सर देतील तो, ओजेटी कुठे मिळेल तिथे आणि अभ्यास या तिन्हींपासून लांब, जर्नलमध्ये. कोणाचीही दमछाक होईल.

आधी तासांचा हिशोब करू, कारण तुझ्या पत्रात भीती भरपूर आहे, पण हिशोब कुठेच नाही. नव्या शैक्षणिक धोरणानुसार राज्याने जो आराखडा केला, त्यात क्षेत्रीय प्रकल्प आणि समुदाय सहभाग (तुझं कम्युनिटी एंगेजमेंट) हे साधारण दोन-दोन क्रेडिटचे आहेत आणि ओजेटी चार क्रेडिटची. अशा कामात एक क्रेडिट म्हणजे ३० तास. म्हणजे तुझा प्रकल्प ६० तासांचा आणि ओजेटी १२० तासांची. तुमच्या कॉलेजच्या पुस्तिकेत आकडा थोडा इकडेतिकडे असेल तर तोच प्रमाण मान. ६० तास बारा आठवड्यांत वाटले तर आठवड्याला पाच तास होतात, म्हणजे एक रविवार सकाळ आणि एखादी संध्याकाळ. १२० तास म्हणजे रोज सहा तासांनी वीस दिवस. ते सत्र चालू असताना करायला गेलीस तर मरशील, सुट्टीत केलेस तर जमेल. एनएसएसचे वर्षाला १२० तास आणि दोन वर्षांत एकदा सात दिवसांचं विशेष शिबिर. यातलं पहिलं वर्ष तुझं झालंच आहे.

आता प्रश्न उरतो ते तास घालवायचे कशावर. इथे मी जरा रेंगाळणार आहे.

तुझ्या गावात ऊस आहे, पाटपाणी आहे, क्षारपड जमीन आहे. पत्रात यातलं काहीच नाहीये, पण वाळवा तालुका म्हटल्यावर एवढं मला कळतं. उसाला किती युरिया पडतो हे तू घरातच बघतेस. तो सगळा ऊस खात नाही. उरलेला नायट्रेट होऊन पाण्याबरोबर खाली उतरतो आणि विहिरी-बोअरमध्ये येतो. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, आयएस १०५०० मध्ये, नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. त्याच्या वर गेलं तर मोठ्या माणसाला लगेच काही जाणवत नाही, पण वरच्या दुधावर असलेल्या तान्ह्या बाळाच्या रक्तातली प्राणवायू वाहण्याची ताकद घटते आणि बाळ निळसर पडू लागतं. यातली मेख अशी की आपल्या बायका 'पाणी उकळून पाजा' हा सल्ला अगदी निष्ठेने पाळतात, आणि उकळल्याने जंतू मरतात, नायट्रेट मरत नाही. उलट पाणी आटतं आणि नायट्रेट दाट होतं. तुरटीनेही ते जात नाही. ही एक गोष्ट गावातल्या दहा बाळंतिणींच्या घरी नीट समजावलीस तरी तुझ्या ६० तासांतले बरेच सार्थकी लागले.

तुझ्याकडे काय आहे ते बघ. दुसऱ्या वर्षापर्यंत तू पाण्याचा जडपणा मोजायचं ईडीटीएचं टायट्रेशन नक्की केलं असशील. बफर, एरिओक्रोम ब्लॅक टी, आणि वाइन रेडचा निळा झाला की थांबायचं. प्रयोगशाळेत ते सरांनी दिलेल्या 'सॅम्पल ए' वर करतेस. तेच तुझ्या आईच्या हंड्यातल्या पाण्यावर कर. जडपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत चांगला, दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालवून घ्यायचा. एकूण विरघळलेल्या क्षारांसाठी हेच दोन आकडे ५०० आणि २०००. हे आकडे परीक्षेसाठी पाठ करण्यापेक्षा कोणाच्या विहिरीला कुठला आकडा आला हे लक्षात ठेवणं सोपं जातं. मी तीस वर्षं हा विषय शिकवला, म्हणून हे खात्रीने सांगते.

गावात यंत्रणाही आहे, फक्त तिला कोणी हात लावत नाही. ग्रामपंचायतीत जलसुरक्षक असतो. पाण्याचे नमुने घेणं आणि पाणी शुद्ध करायची टीसीएल पावडर टाकणं हे त्याचं काम. पाणीस्रोताच्या भोवतालची स्वच्छता बघून गावाला हिरवं, पिवळं किंवा लाल कार्ड मिळतं, तुमच्या गावाला कुठलं मिळालंय ते विचार. २०१९ साली जलजीवन मिशन सुरू झालं, त्यात प्रत्येक गावातल्या पाच बायकांना पाणी तपासायच्या किटचं प्रशिक्षण द्यायचं ठरलं. त्या पाच जणी कोण ते शोध. किट बहुतेक कपाटात असेल आणि कपाटाची किल्ली शिपायाकडे. त्याच्या रसायनांची मुदत संपली आहे का ते आधी बघ. संपलेल्या रसायनांनी आलेला रंग हा फक्त रंग असतो.

म्हणजे पाणी हा विषय घेतलास तर अभ्यासाचं प्रॅक्टिकल, गावाचा प्रकल्प आणि पुढची ओजेटी एकाच विहिरीवर येतात. आणि विहीर तुझ्या गावात असल्याने एसटीची वाटही बघावी लागत नाही.

आता एक कबुली देते. मी एनएसएसची कार्यक्रम अधिकारी असताना एका गावात शिबिर घेतलं होतं. पन्नास पोरं, सात दिवस, ओढ्यावर मातीचा बंधारा. सकाळी श्रमदान, दुपारी व्याख्यान, रात्री गाण्या-नाचाचा कार्यक्रम, शेवटच्या दिवशी आमदारांच्या हस्ते नारळ. पोरांच्या हातांना फोड आले होते, आम्ही सगळे भारावलेलो. पावसाळ्यात परत गेले तर बंधारा मधोमध फोडलेला. वरच्या अंगाच्या शेतकऱ्याच्या रानात पाणी तुंबत होतं, त्याने कुदळ घेऊन एका रात्रीत आमचे सात दिवस वाहून दिले. मला त्याचा राग आला. मग तो म्हणाला, "बाई, तुम्ही ओढा कुणाच्या रानातनं जातो हे इचारलं असतंत तर मीच जागा दाखवली असती." आम्ही सरपंचांना विचारलं होतं, ग्रामसेवकांना विचारलं होतं. त्याला विचारलं नव्हतं.

तेव्हा पहिले दोन रविवार किट नको, बाटली नको, प्रश्नावली तर मुळीच नको. नळाला पाणी येण्याच्या वेळी तिथे जाऊन उभी राहा. कुठल्या विहिरीच्या पाण्यात डाळ शिजत नाही, कुठल्या पाण्याने साबणाला फेस येत नाही, कुठलं पाणी म्हशीसुद्धा पीत नाहीत, हे बायकांना तुझ्या ब्युरेटच्या आधी माहीत असतं. ते वहीत लिही. तारीख, विहीर कुणाची, काय म्हणाल्या, त्यांच्याच शब्दांत. भेट झाली की त्याच दिवशी एक पान. मार्चमध्ये बसून जानेवारीचं आठवून लिहिलेली डायरी तपासणाऱ्याला लगेच ओळखू येते. मलाही यायची, फक्त दर वेळी बोलायचे नाही.

दुसरी काळजी त्याहून मोठी. किटवर नायट्रेट जास्त आलं म्हणून वाड्यावर जाऊन "तुमच्या विहिरीचं पाणी विषारी आहे" असं सांगत सुटू नकोस. गावात विहिरीला भाऊबंदकी चिकटलेली असते. किटचा निकाल म्हणजे फक्त शंका. खात्रीसाठी नमुना प्रयोगशाळेत जायला हवा. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या पाणी तपासणी प्रयोगशाळा जिल्ह्याला आहेत, उपविभागातही आहेत. नमुना जलसुरक्षकाच्या हातून, ग्रामपंचायतीच्या नावाने पाठव. मग निकाल तुझा एकटीचा राहत नाही, गावाचा होतो. आणि तो निकाल साध्या मराठीत ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लाव. १ मेच्या ग्रामसभेत पाच मिनिटं मागून घे. पन्नास पानी रिपोर्ट कॉलेजच्या कपाटात जाणारच आहे, त्याला इलाज नाही.

तास मोजण्याबद्दल एक नाजूक गोष्ट. गाव एक, विषय एक हे चालतं. तास मात्र एकच, दोन ठिकाणी दाखवायचे नाहीत. रविवारचे चार तास एनएसएसच्या डायरीत लिहिलेस तर ते प्रकल्पात लिहायचे नाहीत. अनेक मुलं लिहितात आणि अनेक प्राध्यापक बघत नाहीत. तू पत्रात "मला खोटं करायचं नाही" असं लिहिलंयस, म्हणून सांगते.

तू विचारलंस काय सोडू. सोडायचंच असेल तर रॅली सोड. फ्लेक्स धरून बाजारपेठेतून फेरी, फोटो, परत कॉलेज. असल्या कामाचे तास भराभर चढतात हे मला ठाऊक आहे, मीही भरलेत. कार्यक्रम अधिकाऱ्यांकडे जा आणि स्पष्ट सांग, "सर, मला या वर्षी एकच काम नीट करायचंय, पाण्याचं. रॅलीला येणार नाही." चांगला माणूस असेल तर तुझ्यासोबत आणखी चार मुलं देईल. एनएसएसच्या बिल्ल्यावर कोणार्कच्या रथाचं चाक आहे, त्याचे आठ आरे म्हणजे दिवसाचे आठ प्रहर, चोवीस तास सेवेला तयार. ते बिल्ल्यापुरतं ठीक आहे. तुला त्या चोवीस तासांत झोपायचंही आहे.

प्रॅक्टिकल आणि हजेरी यांना मात्र हात लावायचा नाही. एसजीपीए कशाने घसरला ते आधी गुणपत्रिका काढून बघ. एका विषयाने खाली ओढलंय की सगळेच थोडेथोडे कमी झालेत? एकाच विषयाने असेल तर त्याचा समाजसेवेशी काही संबंध नाही. त्या विषयाच्या शिक्षकांकडे जा.

आता ओजेटी. तुझ्या भागात केमिस्ट्रीच्या मुलाला पहिलं नाव सुचतं साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेचं. ब्रिक्स, पोल, रिकव्हरी अशी रसातल्या साखरेची मोजमापं शिकायला उत्तम जागा. पण गाळप दिवाळीच्या आसपास सुरू होतं आणि मार्च-एप्रिलपर्यंत आटोपतं. मे महिन्यात गेलीस तर कारखान्यात देखभाल-दुरुस्ती चालू असेल आणि तू वीस दिवस प्रयोगशाळेच्या काचा पुसशील. माझ्या दोन विद्यार्थ्यांचं हेच झालं होतं. मे महिना असेल तर दूध संघाची प्रयोगशाळा बघ, तिथे दुधातलं फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून उरलेले घन पदार्थ) बारा महिने तपासतात. माती परीक्षणाची प्रयोगशाळा बघ, खरिपाच्या आधी तिथे नमुन्यांची रांग असते. आणि अर्थात पाणी तपासणीची. तिथे तू "माझ्या गावचे अकरा नमुने मी जानेवारीपासून बघतेय" असं म्हणत गेलीस तर दारातल्या माणसाचा चेहरा बदलेल. त्यांच्याकडे येणारी बहुतेक मुलं "सर, सर्टिफिकेट मिळेल का" इथून सुरुवात करतात.

तिसऱ्या वर्षाच्या ओजेटीचे तास दुसऱ्या वर्षानंतरच्या मे महिन्यात केले तर धरतील का, हे कॉलेजला आत्ताच विचार. तोंडी नको, अर्ज देऊन शेरा घे. "चालेल गं" असं म्हणणारे सर जूनमध्ये बदलून गेलेले असतात. जिथे जाणार तिथे कॉलेजच्या लेटरहेडवरचं पत्र घेऊन दोन-तीन महिने आधी स्वतः जा. मेलला उत्तर येत नाही. तिथे चार गोष्टी विचार: मी रोज नक्की काय करणार, मला शिकवणार कोण, आम्ल-रसायनं हाताळायची तर हातमोजे-गॉगल मिळतील का, आणि काही मानधन आहे का. शेवटचा प्रश्न विचारायला मुली लाजतात. लाजू नकोस. तुझा पास गाव ते कॉलेज एवढाच चालतो, प्रयोगशाळेच्या गावाचं तिकीट वेगळं. बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे खरं, पण वीस दिवसांचं अर्धंही घरातूनच जातं.

आणि इथे मला थोडं चिडून बोलायचंय. बिनपगारी ओजेटी सगळ्यांना सारखीच, असं धोरणं लिहिणाऱ्यांना वाटत असेल. ज्या मुलाच्या मामाची फॅक्टरी आहे त्याला ती फुकट पडते. जी मुलगी सुट्टीत भांगलायला जाऊन फी जमवते, तिला ती वीस दिवसांच्या मजुरीला पडते. तुमच्या शेजारच्याच साताऱ्यात भाऊराव पाटलांनी वसतिगृहातल्या पोरांना कष्ट करून शिकायला लावलं. 'स्वावलंबी शिक्षण हेच आमचे ब्रीद' हे रयतचं वाक्य तू शाळेच्या भिंतीवर वाचलं असशील. १९१९ साली कराडजवळच्या काले गावात सुरू झालेली ती संस्था. तिथे काम हे शिकण्याचा खर्च भागवायला होतं, शिकणाऱ्याच्या खिशातून काढायला नव्हतं. तुमच्या घरी ओढाताण असेल (पत्रात लिहिलं नाहीस, पण लिहिलं नाही म्हणून नसेल असं नाही) तर कॉलेजात 'कमवा व शिका' योजना आहे का ते चौकशी करून बघ. अनेक ठिकाणी ग्रंथालयात, प्रयोगशाळेत ताशी मोबदल्यावर काम मिळतं.

१,४९९ रुपयांबद्दल काय सांगू! काम देणारा पैसे देतो किंवा देत नाही. काम देणाऱ्याने पैसे मागितले की ते काम नव्हे, दुकान. तीन दिवसांत आलेलं सर्टिफिकेट मुलाखतीत तीन मिनिटं टिकत नाही. "तिथे रोज काय करत होतीस?" एवढं विचारलं की संपलं. मैत्रिणींना मात्र उपदेश करत बसू नकोस. मामाच्या मेडिकलमध्ये खरंच वीस दिवस उभी राहिली, कुठलं औषध फ्रिजमध्ये ठेवतात आणि कुठलं चिठ्ठीशिवाय देत नाहीत हे बघितलं, तर तीही चांगली ओजेटी आहे. खोट मामात नाही, न जाता सही घेण्यात आहे.

सरकारी योजनांचे मेसेजही तुला येत असतील. २०२४ साली सुरू झालेली पंतप्रधान इंटर्नशिप योजना काय किंवा आपल्या राज्याची मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना काय, दोन्ही सुरू झाल्या त्या नियमित शिकत असलेल्या मुलांसाठी नव्हेत. पदवीनंतर बघ, तेव्हाचे नियम वाचून.

दादाचं काय? दादा शत्रू नाही. त्याला काळजी आहे आणि गावातल्या अभ्यासिकेत सगळे तेच बोलतात. त्याला एवढंच दाखव की राज्यसेवेची मुख्य परीक्षा आता वर्णनात्मक झाली आहे. ग्रामपंचायत कशी चालते, पाणीयोजना कुठे अडते यावर पानभर लिहायचं तर ते नोट्समधून लिहिणारे हजारो असतात, स्वतः बघून लिहिणारे थोडे. पण हा मुद्दा फार ताणू नकोस. प्रकल्प एमपीएससीसाठी करायचा नाही. आणि दादाला जमलं तर एका रविवारी सोबत ने. वरच्या मळ्यातल्या विहिरीवर एकटीने जाण्यापेक्षा ते बरं, आणि बाटल्या जड होतात.

नमुना घेण्याचं तंत्र पुस्तकात एका ओळीत उरकलेलं असतं, म्हणून सांगते. रासायनिक तपासणीचा प्लॅस्टिकचा कॅन त्याच पाण्याने तीनदा विसळायचा आणि मग भरायचा. जंतूंच्या तपासणीची निर्जंतुक बाटली मात्र विसळायची नाही. पाण्यात टीसीएल असतं, त्याचा क्लोरीन मारायला त्या बाटलीत आधीच थायोसल्फेट घातलेलं असतं. विसळलीस तर तेच धुऊन जातं आणि अहवाल खोटाच चांगला येतो. ती बाटली बर्फात ठेवून चोवीस तासांच्या आत प्रयोगशाळेत पोचली पाहिजे. म्हणजे सुट्टीच्या आदल्या दिवशी घेऊ नकोस, दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळा बंद असते. सोमवारी सकाळी पहिल्या गाडीच्या आधी घे. बाटलीवर पेन्सिलने लिही, शाई बर्फाच्या पाण्यात जाते.

आकडे आले की मला कळव. नायट्रेटचा आधी.

तुझी,
मॅडम